मुलांसाठी पाककृतीचं पुस्तक निवडताना: कोल्हापुरातल्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

दहावीच्या परीक्षा संपल्या की राजारामपुरीतल्या आमच्या सुट्टीच्या स्वयंपाकवर्गात तेरा ते सतरा वर्षांची मुलंमुली येऊ लागतात. पहिल्या आठवड्यातच कुणाची तरी आई किंवा वडील थांबून विचारतात, "घरी सराव करायला एखादं चांगलं पुस्तक सांगा की." एका नावात उत्तर देऊन भागत नाही, कारण घर वेगळं, पोर वेगळं. म्हणून नेहमीचे प्रश्न आणि आमची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत. आमचा भर एकाच गोष्टीवर आहे: पदार्थ झाला की नाही हे कशावरून ओळखायचं, ते पुस्तक सांगतं का? ते सांगत असेल तर बाकी उणिवा चालवून घेता येतात.

कितव्या वर्षी पुस्तक हातात द्यावं?

साधारण सातवी-आठवीपासून. वयापेक्षा उंची आणि हातातली ताकद बघा. ओट्यावरच्या कढईत वरून डोकावता आलं पाहिजे आणि भरलेला कुकर दोन्ही हातांनी न हिंदकळता उतरवता आला पाहिजे. त्याआधी कोशिंबीर, भेळ, सरबत, सँडविच यांवर खुशाल सुरुवात करू द्या, त्याला पुस्तक लागत नाही.

यूट्यूबवर सगळं फुकट मिळतं. मग पुस्तक कशाला?

व्हिडिओ बंद करू नका. भाकरी थापताना तळहात कसा फिरतो, करंजीला मुरड कशी घालतात, हे शब्दांत सांगणं अवघड आहे आणि पडद्यावर एका मिनिटात कळतं. पण व्हिडिओत वेळ कापलेला असतो. कढईत कांदा पडतो आणि पुढच्या क्षणी तो तांबूस झालेला दिसतो. घरी आपला कांदा पाच मिनिटांनीही पांढराच बघून पोरगं गॅस मोठा करतं आणि कांदा बाहेरून करपून आत कच्चा राहतो. पाव किलो कांदा नीट तांबूस व्हायला पंधरा मिनिटं सहज लागतात, हे छापील ओळीत लिहिलेलं असलं तर मूल धीर धरतं.

दुसरं म्हणजे, पुस्तकातली कृती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका नजरेत दिसते. गॅस पेटवण्याआधी ती एकदा संपूर्ण वाचायची, ही सवय लागली तर निम्मा गोंधळ तिथेच टळतो. शिवाय पिठाच्या हातांनी फोन मागेपुढे सरकवत बसावं लागत नाही.

दुकानात पुस्तक चाळताना चांगलं-वाईट कसं ओळखायचं?

तुमच्या घरी नेहमी होणारा एक साधा पदार्थ शोधा. आम्ही कांदेपोहे बघायला सांगतो, कारण ते सगळ्यांना येतात आणि तरीही बिघडतात. ती कृती उभ्या उभ्या पूर्ण वाचा.

एका पुस्तकात असं असतं: "पोहे भिजवून घ्यावेत. फोडणी करून कांदा परतावा. पोहे घालून वाफ आणावी." येणाऱ्याला हे पुरेसं आहे. न येणाऱ्याला प्रत्येक वाक्यात दोन प्रश्न पडतात. पोहे जाडे की पातळ? भिजवायचे म्हणजे पाण्यात ठेवायचे की नुसते धुवायचे? वाफ आली हे कशावरून?

दुसऱ्या पुस्तकात लिहिलेलं असतं की जाडे पोहे चाळणीत घेऊन नळाखाली धुवा, निथळू द्या, दहा मिनिटांनी एक पोहा बोटांत दाबून बघा. तो सहज दबला पाहिजे पण त्याचा लगदा होता कामा नये. मधे कडक लागला तर पाण्याचा एक हबका मारा. कांदा काचेसारखा दिसू लागला की हळद घाला. झाकण काढल्यावर त्याच्या आतून पाण्याचे थेंब ओघळले म्हणजे वाफ आली. हे पुस्तक घ्या. त्यात पोहे सोडून बाकी सगळे पदार्थ अनोळखी असले तरी घ्या.

मग जरा आणखी चाळा. कारण सांगितलं आहे का, ते बघा. उदाहरणार्थ, गुळाची खीर. दूध उकळत असताना गूळ टाकला तर दूध फाटू शकतं, म्हणून गॅस बंद करून खीर थोडी निवल्यावर गूळ घालतात. नुसतं "शेवटी गूळ घालावा" असं लिहिलेलं असलं तर मुलाला ते सोयीचं वाटेल तेव्हा बदलावंसं वाटणार. का ते एकदा कळलं की बासुंदीपासून चहापर्यंत सगळीकडे उपयोगी पडतं. आपल्याकडे गुळाचाच चहा आवडीनं पिणारी घरं आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

साहित्याची यादी ज्या क्रमानं वापरायची त्या क्रमानं दिलेली असावी. भिजवणं, मुरवणं, आंबवणं यांचा वेळ अगदी वरती लिहिलेला हवा. चौथ्या ओळीत अचानक "रात्रभर भिजवलेली मटकी" आली की संध्याकाळी सहा वाजता उत्साहानं उभं राहिलेलं पोर हिरमुसतं, आणि असं दोनदा झालं की पुस्तक कपाटात जातं. पदार्थ किती जणांना पुरेल, हेही लिहिलेलं हवं.

फोटोंवर भाळू नका. तयार ताटाचा चकचकीत फोटो काहीच शिकवत नाही. मसाला भाजताना आधी, मधे आणि शेवटी कसा दिसतो, असे तीन छोटे फोटो असले तर त्यांचं मोल जास्त. पुस्तक ओट्यावर उघडं ठेवलं तर आपोआप मिटतं का, तेही बघून घ्या.

घरात 'रुचिरा' आणि 'अन्नपूर्णा' आहेत. तीच दिली तर चालेल ना?

ही दोन्ही पुस्तकं घरात आहेत ही चांगलीच गोष्ट आहे. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं. वाटी-चमच्याच्या मापात कृती नेमकी बसवणं ही त्या पुस्तकाची मोठी ताकद, आणि म्हणूनच ते पिढ्यान्‌पिढ्या लग्न झालेल्या मुलींबरोबर सासरी गेलं. मंगला बर्वे यांचं 'अन्नपूर्णा'ही असंच घराघरातलं.

पण तेरा-चौदा वर्षांच्या, कधीच चूल न बघितलेल्या मुलासाठी ही पहिली पुस्तकं नव्हेत असं आमचं मत आहे. आईच्या हाताखाली थोडंफार शिकलेली वाचक समोर धरून लिहिलं की बऱ्याच गोष्टी गृहीत धरल्या जातात. आजच्या मुलांना "नेहमीप्रमाणे फोडणी करावी" म्हणजे काय ते विचारावं लागतं. तेल किती तापलं म्हणजे मोहरी टाकायची, ती तडतडायची थांबेपर्यंत वाट बघायची की नाही, हिंग कधी.

यावर एक उपाय चांगला चालतो. त्यातले आठ-दहा रोजचे पदार्थ निवडा. आजी किंवा आई शेजारी बसेल, मूल मोठ्यानं वाचेल आणि अडलं तिथे विचारेल. जे उत्तर मिळेल ते पेन्सिलनं समासात लिहायचं. आजीला कळतं की आपण किती गोष्टी न बोलता करतो, आणि पोराला कळतं की हे सगळं विचारण्यासारखं आहे. जुनी प्रत जपून ठेवायची असेल तर त्यासाठी नवी प्रत आणा. लिहायला मनाई असलेलं पुस्तक शिकायच्या कामाचं नाही.

वाटी, कप, ग्रॅम: यातलं कुठलं माप असलेलं पुस्तक घ्यावं?

रोजच्या भाजी-आमटीला वाटी उत्तम. केक-बिस्किटांना ग्रॅम. कपांचं माप असलेली पुस्तकं वाईट नव्हेत, फक्त कप कुठला ते माहीत पाहिजे.

अमेरिकन पुस्तकातला कप साधारण २४० मिलिलिटरचा, इतर काही देशांतला २५० चा. चहाचा चमचा ५ मिलिलिटर आणि मोठा चमचा १५, पण ऑस्ट्रेलियन पुस्तकात मोठा चमचा २० मिलिलिटरचा असतो. आपल्या घरातल्या वाट्यांचं तर विचारूच नका. एकाच मांडणीवर १०० मिलिलिटरची आमटीची वाटी आणि २०० ची मोठी वाटी शेजारी शेजारी असतात.

म्हणून पहिल्याच दिवशी मुलाकडून एक काम करून घ्या. डिजिटल काट्यावर रिकामी वाटी ठेवून आकडा शून्यावर आणायचा, मग वाटी काठोकाठ पाण्यानं भरायची. जितके ग्रॅम, तितकीच मिलिलिटर, कारण एक मिलिलिटर पाण्याचं वजन जवळजवळ एक ग्रॅम असतं. त्यातली एक वाटी "पुस्तकाची वाटी" म्हणून ठरवायची आणि तिचं माप पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहायचं. वाटीचं पुस्तक असेल तर तांदूळ, डाळ, पाणी सगळं त्याच वाटीनं मोजलं की प्रमाण चुकत नाही.

पिठाच्या बाबतीत मात्र वाटी दगा देते. मैदा चमच्यानं हलकेच भरला तर एका कपात १२० ते १२५ ग्रॅम बसतो. तोच कप डब्यात खुपसून दाबून भरला तर १५० पर्यंत जातो. त्यामुळे केक कोरडा होतो आणि मूल स्वतःला दोष देत बसतं. काटा पुस्तकाइतकाच जरुरीचा आहे, हे आम्ही प्रत्येक पालकाला आवर्जून सांगतो.

तांबडा-पांढरा शिकायचाय म्हणतोय पोरगा. कोल्हापुरी जेवणाचं पुस्तक आणू का?

आणा, पण निवडताना जास्त काळजी घ्या. "कोल्हापुरी" या नावाखाली नुसतं तिखट आणि लाल रंग विकणाऱ्या कृती पुष्कळ छापल्या गेल्या आहेत. आपल्याला तपासायला सोपं आहे, कारण चव आपल्या जिभेवर आहे.

पहिली खूण म्हणजे कांदा-लसूण चटणी. पुस्तकात तिची वेगळी कृती आहे का? की सगळीकडे "लाल तिखट" म्हणून भागवलं आहे? आपल्या चटणीत मिरची पुडीबरोबर कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला, तेल आणि मीठ आधीच असतं. बाहेरच्या पुस्तकातल्या "दोन चमचे लाल तिखट"च्या जागी मुलानं दोन चमचे चटणी घातली, वर पुस्तकात सांगितलेला मसाला आणि मीठही घातलं, तर रस्सा खारट आणि दाट होणार. चटणी वापरायची तर मीठ आणि मसाला आधी निम्माच घालायचा, मग चव बघायची. ही टीप कुठल्याही पुस्तकाच्या पहिल्या पानावर हातानं लिहून ठेवावी अशी आहे. मिरच्या कुठल्या तेही पुस्तकानं सांगावं: रंगाला बेडगी, तिखटपणाला संकेश्वरी किंवा लवंगी.

दुसरी खूण पांढऱ्या रश्श्यात सापडते. तो अळणीवर उभा असतो, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यावर. अळणीत हळद घालायची की नाही, घातली तर किती, हे लिहिलं आहे का? नारळाचं दूध घातल्यावर रश्श्याला खळखळून उकळी आणायची नाही, मंद आचेवर ढवळत फक्त गरम करायचा, नाहीतर तो फुटतो आणि वर तेल तरंगतं, हे स्पष्ट सांगितलं आहे का? काजू, तीळ, खसखस यांपैकी जे घालायचं ते वाटण किती बारीक हवं? बोटांत चोळून बघितलं तर कण लागता कामा नये. एवढं लिहिणारा लेखक स्वतः ओट्यापाशी उभा राहिलेला आहे हे ओळखावं.

तरी पहिल्या महिन्यात मटणाकडे वळू नका. झुणका, मटकीची उसळ, मिसळीचा कट, अंड्याचा रस्सा असा क्रम ठेवा. कटात मसाला परतून तेल सुटणं एकदा डोळ्यांनी बघितलं, की तांबडा रस्सा अर्धा आला. आणि त्यातलं बरंचसं पुस्तकात नसतंच, ते तुमच्या घरात आहे. पुस्तकाबरोबर शंभर पानी वही आणा. चटणी करायच्या दिवसांत मिरची निवडून कांडपाला जाईपर्यंत मुलाला सोबत घ्या आणि किलोला काय-काय किती पडलं, ते त्याच्याच हातानं वहीत उतरू द्या.

भाकरी पुस्तकातून येते का?

हात पुस्तकातून येत नाही. पण ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो आणि ते पीठ धरून राहतं, हे वाचलेलं मूल गार पाण्यानं पीठ मळत नाही. भाकरी चिरायला लागली तर पीठ जुनं आहे का, ते आधी बघा. पोराच्या हाताला नावं ठेवायची घाई नको.

मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. मराठी पुस्तक वाचायला कंटाळते.

मग पहिलं पुस्तक इंग्रजी चालेल, पण भारतीय स्वयंपाकघरासाठी लिहिलेलं असू द्या. परदेशी पुस्तकातल्या निम्म्या वस्तू लक्ष्मीपुरीत मिळत नाहीत, मिळाल्या तर महाग पडतात आणि ओव्हन गृहीत धरलेला असतो.

मराठी पुस्तक मात्र दुसरं म्हणून जरूर असावं. आधण, मोहन, वाटण, परतणं, शिजत घालणं, मुरत ठेवणं हे शब्द घरात रोज बोलले जातात. ते कळले की आजीला फोन करून कृती विचारता येते. कंटाळ्यावर उपाय म्हणजे तिच्या आवडीच्या एकाच पदार्थापासून सुरुवात. आठ ओळींची थालीपिठाची कृती कुणीही वाचतं.

केक-बिस्किटांचं पुस्तक आधी मागते. देऊ का?

द्या. बऱ्याच मुलांना ओढ तिथूनच लागते आणि मोजून-मापून काम करायची शिस्त बेकिंगइतकी दुसऱ्या कशात लागत नाही. तीन गोष्टी बघा. तापमान सेल्सियसमध्ये हवं. फॅरनहाइटचं पुस्तक असेल तर ३५० म्हणजे साधारण १८०, हे मुलाला माहीत असू द्या. पुस्तकातला ओव्हन आणि तुमचा ओव्हन एकाच प्रकारचा असावा, कारण नुसत्या साध्या मायक्रोवेव्हमध्ये केक तांबूस होत नाही. आणि बेकिंग पावडर व खाण्याचा सोडा यांतला फरक पुस्तकात समजावलेला असावा. सोड्याला दही, ताक किंवा लिंबासारखं आंबट काही लागतं, पावडरीत ते आधीच मिसळलेलं असतं. एकाच्या जागी तितकंच दुसरं घातलं की पदार्थ फसतो.

मुलग्यासाठी वेगळं पुस्तक असतं का?

नाही. तेच पुस्तक, तीच भांडी, आणि नंतरचा ओटाही त्यानंच पुसायचा.

जिमला जातो. प्रोटीनचं, वजन कमी करायचं पुस्तक हवंय म्हणतो.

इथे आम्ही ठामपणे नाही म्हणतो. वाढत्या वयात प्रत्येक घासाचा हिशोब मांडणारं पुस्तक हातात पडलं की स्वयंपाकाची गोडी बाजूला राहते आणि जेवणाची धास्ती बसते. मुलींच्या बाबतीत तर याकडे फार लक्ष द्या. प्रोटीन हवं असेल तर अंडी, उसळी, डाळी, पनीर, चिकन यांच्या चांगल्या कृती असलेलं साधं पुस्तक पुरतं. जेवण टाळणं, लपून खाणं, सतत वजन करणं असं काही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. तो पुस्तकानं सुटणारा प्रश्न नाही.

सुरक्षिततेबद्दल पुस्तकात काय असायला हवं?

बरीच पुस्तकं सुरीपाशी थांबतात. आपल्या घरात खरा धोका कुकर आणि तापलेल्या तेलाचा. कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायचा नाही, डाळीसारखं फेसाळणारं काही असेल तर अर्ध्यापर्यंतच. शिट्टीची नळी उजेडात धरून मोकळी आहे का, ते बघायचं. दाब पूर्ण उतरल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. तेल पेटलं तर गॅस बंद करून वर झाकण ठेवायचं, पाणी कधीही ओतायचं नाही, कढई उचलून पळायचं नाही.

गॅसचा वास आला तर दिव्याचं किंवा पंख्याचं बटण चालू-बंद करायचं नाही, रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर जाऊन १९०६ या हेल्पलाइनवर फोन करायचा. पुस्तकात हे नसेल तर पुठ्ठ्यावर लिहून ओट्याजवळ लावा. मूल एकटं घरी असताना तळण करणार नाही, हा नियम पहिल्या वर्षी मोडू देऊ नका.

पुस्तकं कुठून घ्यावीत? आणि किती?

आधी वाचनालयातून. १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आपल्या गावात आहे. अशा ठिकाणाहून दोन-तीन पुस्तकं आळीपाळीनं घरी आणा आणि मूल कुठलं पुन्हा पुन्हा उघडतं, ते बघून तेच विकत घ्या. दुकानात जाताना मुलाला बरोबर न्या. पहिल्या वर्षी एक पुस्तक आणि एक वही पुरे.

पुस्तक आणलं, पण उघडतच नाही.

बहुतेक वेळा मधे आपणच उभे असतो. पोरगं कांदा चिरत असतं आणि मागून "असा नको, तसा चिर" चालू असतं. आठवड्यातली एक संध्याकाळ त्याला देऊन टाका. काय करायचं ते तो ठरवेल, कपिलतीर्थ मार्केटमधून भाजीही तोच आणेल, आणि जे होईल ते घरातले सगळे जेवतील. खारट झालं तर खारट झालं म्हणा, पण ताटातून ढकलून देऊ नका. तोच पदार्थ पुढच्या आठवड्यात पुन्हा करू द्या. दर वेळी नवा पदार्थ करणाऱ्यापेक्षा एकच आमटी सलग चार वेळा करणारा लवकर शिकतो.

बारावीनंतर पुण्याला खोली घेऊन राहणार आहे. त्यासाठी कोणतं पुस्तक?

एका शेगडीवर, एक कुकर आणि एक कढई एवढ्यात होणारे पदार्थ ज्यात जास्त असतील ते. एक-दोन माणसांचं प्रमाण दिलेलं असलं तर फार सोय होते, कारण चौघांच्या कृतीला चारनं भागलं की पाणी आणि मिठाचा अंदाज चुकतो. थोडा पदार्थ शिजवताना पाणी त्याच हिशोबानं कमी करून चालत नाही, वाफ होऊन जाणारं पाणी जवळपास तेवढंच असतं.

खोलीवर बहुधा इंडक्शन असतो आणि पुस्तकं गॅसच्या आचेवर लिहिलेली. म्हणून जायच्या आधी दोन-तीन महिने घरीच इंडक्शनवर सराव करून घ्या आणि "मंद", "मध्यम", "मोठी" यांच्यापुढे आपल्या इंडक्शनचे वॅटचे आकडे पुस्तकात लिहून ठेवायला सांगा. साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. बुडाला चुंबक चिकटतं का, ते बघूनच भांडी बांधून द्या.